औषध फुकट, आजार महाग



२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे वय होते अवघे एकवीस वर्षांचे. आदल्याच वर्षी, १८८६ च्या मार्चमध्ये, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली होती. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री-विभागाची सूत्रे त्यांच्या हाती यायची होती. एकाही रुग्णाची नाडी स्वदेशी येऊन पाहण्यापूर्वी क्षयाने त्यांना ओढून नेले.

क्षयाचा जंतू तेव्हा सापडलेला होता. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जगापुढे मांडला होता. परंतु जंतूवर चालणारे औषध पृथ्वीच्या पाठीवर कोठेच नव्हते. पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला १९४३ साल उजाडावे लागले. आनंदीबाईंना वाचविणे त्या काळी कोणत्याही धनवंताला, कोणत्याही साम्राज्याला शक्य नव्हते.

आज स्थिती काय आहे? औषध आहे. ते सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. तपासणीही विनामूल्य होते. साध्या क्षयरोगाचा रुग्ण सहा महिने नियमाने गोळ्या घेईल, तर तो बहुधा खडखडीत बरा होतो. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आपल्या देशात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसे या रोगाने मरतात. जगातील दर चार क्षयरुग्णांमागे एक भारतीय असतो. जे औषध आनंदीबाईंच्या नशिबी नव्हते, ते गावोगावी पोहोचूनही ही माणसे का मरतात, या प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथांत शोधून पुरे सापडणार नाही. ते गरिबाच्या घरखर्चाच्या हिशेबात सापडते. औषधाची किंमत आणि आजाराची किंमत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली शासनाने शून्यावर आणली. दुसरी अजून रुग्णाच्याच खांद्यावर आहे.

सहा महिन्यांचा हिशेब

एक चित्र कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. बीड जिल्ह्यातील एखाद्या कोरडवाहू गावातले नवरा-बायकोचे जोडपे. ऊसतोडीच्या भाषेत या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन हे जोडपे पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या वाटेला लागते. उचल फिटेपर्यंत अंगावर पडेल ते काम करायचे. फडाच्या कडेला उभारलेली कोपी हेच घर. पहाटे अंधारात तोडणी सुरू होते आणि रात्री-अपरात्री गाडी आली, तर उठून मोळ्या भराव्या लागतात. एका दिवसाचा खाडा झाला, तर मजुरी जाते आणि वर पैसे कापले जातात ते वेगळेच.

अशा माणसाला खोकला सुरू होतो. पहिले काही दिवस तो अंगावर काढतो. मग बाजारच्या दिवशी औषधाच्या दुकानातून खोकल्याची बाटली येते. उतार पडत नाही म्हणून जवळच्या गावातला खासगी डॉक्टर गाठला जातो. तिथे एक सुई, एक सलाईन, चार दिवसांच्या गोळ्या. संध्याकाळी ताप येतच राहतो, वजन उतरत जाते. दुसरा डॉक्टर एक्स-रे सांगतो, रक्त तपासायला सांगतो. हे सारे रोख पैशांचे व्यवहार आहेत आणि पैसे मुकादमाकडून, म्हणजे पुढच्या वर्षाच्या घामातून, उसने घेतलेले आहेत. कोणीतरी जाणता भेटतो, सरकारी रुग्णालयात थुंकी तपासायला पाठवितो आणि निदान होते. मग फुकट औषध सुरू होते. पण तोपर्यंत घराचे कंबरडे मोडलेले असते.

येथेच आणखी एक पेच आहे. क्षयाच्या गोळ्यांचा काळ सहा महिन्यांचा आणि ऊसतोडीचा हंगामही साधारण पाच-सहा महिन्यांचा. उपचार एका जिल्ह्यात सुरू होतो आणि हंगाम संपला की रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात निघून जातो. दरम्यान दोन महिन्यांच्या गोळ्यांनी खोकला थांबलेला असतो, भूक लागू लागते, अंगात बळ येते. आता बरे वाटते आहे, आणखी एक दिवस बुडवून दवाखान्यात कशाला जायचे, असा विचार मनात येतो. त्या विचारात मूर्खपणा नाही. रोजच्या भाकरीचा तो रोकडा हिशेब आहे. पण शरीरात उरलेले जंतू हा हिशेब मानत नाहीत. अर्धवट औषधाने न मेलेले जंतू पुढे त्याच औषधाला दाद देईनासे होतात. मग तोच आजार अधिक लांब उपचारांचा, अधिक जाचक आणि अधिक जीवघेणा होऊन परत येतो. शिवाय तो एकट्याने येत नाही. कोपीत शेजारी झोपणाऱ्या मुलाबाळांच्या फुप्फुसांतही तो शिरतो.

हे चित्र कल्पनेतले असले, तरी त्यातला खर्च कल्पनेतला नाही. आजारपणापायी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक गेला, तर क्षयरोगाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना त्याला विनाशकारी खर्च मानते. यात डॉक्टरची फी, प्रवास, आहार आणि बुडालेली मजुरी हे सारे धरलेले असते. निरनिराळ्या देशांत झालेल्या सर्वेक्षणांचे सार असे, की क्षयरोग शिरलेल्या घरांपैकी जवळजवळ निम्मी घरे या खाईत पडतात. औषधांना न जुमानणारा क्षय असेल, तर दर पाचांपैकी चार घरे पडतात. आणि लक्षात घ्या, हे औषध फुकट असताना!

‘दुर्लक्ष’ या शब्दाआड

२०१९ ते २०२१ या काळात आपल्या देशात क्षयरोगाचे मोठे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्यात असे आढळले, की क्षयासारखी लक्षणे असलेल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे चौसष्ट जणांनी कोणत्याच डॉक्टरची पायरी चढलेली नव्हती. कारण विचारले तेव्हा बहुसंख्य लोकांनी सांगितले, लक्षणांकडे दुर्लक्ष केले. काहींना हा क्षय असेल असे वाटलेच नाही. परवडत नाही म्हणून गेलो नाही, असे सांगणारे अगदी थोडे निघाले.

वरवर पाहणारा यावरून असा निष्कर्ष काढील, की पैशांचा प्रश्न फारसा नाही. अज्ञान आणि आळस हेच खरे कारण. हा निष्कर्ष उतावळा ठरेल. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘दुर्लक्ष केले’ या शब्दांचा अर्थ काय असतो? दवाखान्यात जायचे म्हणजे पूर्ण दिवस मोडायचा. सकाळी नोंदणीची रांग, मग तपासणीची रांग, मग ‘अहवाल उद्या या’. दोन दिवसांची मजुरी गेली, एस.टी.चे भाडे गेले, सोबत बायको आली तर तिचीही मजुरी गेली. जो खोकला घेऊन काम करता येते, त्या खोकल्यासाठी एवढी किंमत मोजायची की नाही, याचा निर्णय माणूस मनातल्या मनात घेतो आणि विचारणाऱ्याला ‘दुर्लक्ष झाले’ असे सांगतो. गरिबी आपले नाव क्वचितच सांगते. ती सवयीच्या, संकोचाच्या, नशिबाच्या नावाने वावरते.

स्त्रियांच्या बाबतीत हा पडदा अधिक दाट आहे. घरातली सून खोकते ही गोष्ट शेजारी कळू नये म्हणून धडपड चालते. लग्नाच्या मुलीला क्षय झाला, तर तो लपविण्याकडे सुशिक्षित घरांचाही कल असतो. आजाराच्या किमतीत लोकलज्जेचाही हिस्सा असतो आणि तो कोणत्याही सरकारी अनुदानातून फिटत नाही.

मद्रासचा धडा, झारखंडचा धडा

गरिबी आणि क्षय यांच्या नात्यावर जगाला दोन मोठे धडे भारताने दिले आहेत. त्यांची माहिती प्रत्येक कार्यकर्त्याला असायला हवी.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात क्षयाचे उपचार म्हणजे आरोग्यधामातील दीर्घ वास्तव्य, अशीच जगभर समजूत होती. स्वच्छ हवा, पूर्ण विश्रांती, सकस आहार आणि परिचारिकांची देखभाल यांवाचून रोगी बरा होणार नाही, असे मानले जाई. देशात रुग्ण लाखोंनी आणि खाटा थोड्या! म्हणजे बहुतेकांना उपचारांचे दार बंदच. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. तेथे शहरातील गरीब रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन आपापल्या दाटीवाटीच्या घरी राहू दिले. वर्षअखेरचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा वैद्यकविश्व चकित झाले. दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना लागण होण्याचा धोकाही अधिक आढळला नाही. झोपडीत राहूनही क्षय बरा होतो, हे भारताने सिद्ध केले आणि जगभरातील आरोग्यधामांचे युग मावळू लागले. गरिबाला उपचारांचा हक्क मिळवून देणारी ती एक शांत क्रांती होती.

परंतु या धड्याचा अर्धाच भाग लक्षात राहिला. आरोग्यधामातील रुग्णांचे वजन घरच्या रुग्णांपेक्षा अधिक वाढले होते, ही नोंद मागे पडली. औषध पुरेसे आहे, आहार दुय्यम आहे, अशी समजूत पुढची अनेक दशके कार्यक्रमात रुजली.

तिची दुरुस्ती झाली झारखंडमध्ये. तेथील चार जिल्ह्यांत २०१९ पासून झालेल्या अभ्यासात सुमारे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसे सहभागी होती. पाचांपैकी चार रुग्ण मुळातच कुपोषित होते. प्रत्येक रुग्णाला दरमहा दहा किलो शिधा देण्यात आला. निम्म्या भागांतील कुटुंबीयांनाही माणशी तांदूळ आणि डाळ मिळाली. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. संसर्ग पसरविणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयात तर ही घट ४८ टक्के होती. रुग्णांच्या बाबतीत असे दिसले, की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता.

तांदूळ आणि डाळ! कोणत्याही प्रयोगशाळेत शोध लावावा लागला नाही. आपल्या आजीबाईंना जे ठाऊक होते, ते विज्ञानाने मोजून दाखविले. अन्न हे औषधच आहे.

घडी विस्कटते तेव्हा

नियमितपणा हा क्षयोपचाराचा प्राण आहे. म्हणून समाजाची घडी विस्कटली, की त्याचा पहिला आघात या रुग्णांवर होतो. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती एकदम १८ लाखांवर आली. हे सहा लाख रुग्ण बरे झाले होते काय? मुळीच नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. गाड्या थांबल्या, बाह्यरुग्ण विभाग ओस पडले. क्षयाचे निदान करणारी यंत्रे आणि तंत्रज्ञ कोरोनाच्या तपासणीस जुंपले गेले. खोकणारा माणूस दवाखान्यात जायला भिऊ लागला, कारण खोकल्याचा अर्थच बदलला होता. मजूर शेकडो मैल पायपीट करीत गावी परतले. त्यांच्या गोळ्यांचे कार्ड शहरातल्या दवाखान्यात राहिले आणि जंतू त्यांच्यासोबत गावी गेले. रुग्ण तेवढेच होते, ते दिसेनासे झाले होते. नंतर शासकीय यंत्रणेने आणि गावोगावच्या ‘आशा’ भगिनींनी नेटाने शोधमोहिमा राबविल्या. नोंद २०२२ मध्ये पुन्हा २४ लाखांवर आणि २०२४ मध्ये २६ लाखांवर गेली. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण मधल्या काळात निदानाविना गेलेले जीव कोणत्याही मोहिमेने परत येत नाहीत.

अशी विस्कटलेली घडी केवळ महामारीनेच होते असे नाही. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये अनेक राज्यांत क्षयाच्या नेहमीच्या औषधांचा तुटवडा पडला. केंद्राने १८ मार्चला राज्यांना पत्र लिहून तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. कार्यालयात ही बाब एका पत्रव्यवहाराची असते. वीस किलोमीटरवरून आलेल्या रुग्णाला मात्र ‘गोळ्या आल्या नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य ऐकून परतावे लागते आणि परतताना त्याचा भरवसाही उणावतो. देशहिताची तळमळ असणाऱ्यांनी अशा त्रुटींकडे डोळेझाक करू नये. आपले राज्यकर्ते आवडते असोत वा नावडते, गोळ्यांचे पाकीट वेळेवर आले पाहिजे, हा आग्रह धरणे हीदेखील राष्ट्रसेवाच होय.

शासनाने केलेले आणि उरलेले

न्यायाने बोलायचे तर गेल्या काही वर्षांत खूप काही झाले आहे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. २०१८ पासून क्षयरुग्णाच्या बँक खात्यात आहारासाठी दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. समाजातील व्यक्ती आणि संस्थांनी ‘निक्षय मित्र’ होऊन रुग्णाला शिधा पुरवावा, अशी योजना ९ सप्टेंबर २०२२ पासून सुरू आहे. २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला २३७ नवे क्षयरुग्ण होत. २०२४ मध्ये हा आकडा १८७ झाला. ही एकवीस टक्क्यांची घट जगाच्या सरासरीहून कितीतरी चांगली आहे.

पण २०२५ पर्यंत गाठावयाचे उद्दिष्ट ऐंशी टक्के घटीचे होते. एकवीस आणि ऐंशी यांच्यामधले अंतर नुसत्या घोषणांनी भरून निघत नाही. त्या अंतरात बुडालेली मजुरी आहे, खाते नसलेल्या रुग्णाचे न पोहोचलेले अनुदान आहे, मुक्काम बदलला म्हणून तुटलेला उपचार आहे. या प्रत्येक तुटलेल्या दुव्यापाशी एका माणसाची गरज आहे. योजना दिल्लीत आखली जाते, मुंबईत मंजूर होते. पण रुग्णाचा हात धरून त्याला रांगेत उभे करणारा माणूस त्याच्या वस्तीतलाच असावा लागतो.

आपल्या उंबरठ्याशी

आता थोडे जवळचे पाहू. सभागृहात बसलेल्या बहुतेकांच्या घरी धुणीभांडी करायला एखादी भगिनी येते. सोसायटीच्या दाराशी रखवालदार असतो. दुकानात पोऱ्या असतो, गाडीवर चालक असतो. त्यांच्यापैकी कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकत असेल, तर आपल्या घरी काय घडते? बहुधा एवढेच, की ‘बाई, बरे होईपर्यंत येऊ नका’ असे सौम्य शब्दांत सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी दुसरी बाई शोधली जाते. घरातल्या लहान मुलांची काळजी समजण्यासारखी आहे. पण या एका वाक्याने काय होते, याचा विचार होत नाही. कामावरून जाण्याच्या भीतीने ती पुढच्या घरी खोकला दाबून काम करते. आजार लपतो, निदान लांबते आणि ज्या संसर्गाला आपण भ्यालो, तोच दहा घरे फिरतो.

वास्तविक योग्य औषधे सुरू झाल्यानंतर साधारण दोन आठवड्यांत रुग्णाची संसर्गक्षमता पुष्कळ ओसरते. म्हणून सुज्ञ गृहिणी काय करील? तिला स्वतः सोबत घेऊन सरकारी रुग्णालयात थुंकीची तपासणी करवील. क्षय निघाला, तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस भरपगारी रजा देईल. ‘तुमचे काम तुमचेच आहे’ हा शब्द देईल. तिच्या घरच्या मुलांचीही तपासणी झाली की नाही, हे विचारील. महिन्याचा वाणसामान भरताना दोन किलो डाळ, शेंगदाणे आणि तेलाची पिशवी जास्त घेईल. झारखंडच्या घरांत नव्या क्षयाला ज्याने आळा घातला, तो असाच साधा शिधा होता. एका मध्यमवर्गीय कुटुंबाच्या महिन्याच्या हॉटेलखर्चापेक्षा हे जास्त नाही.

कार्यकर्त्यांसाठी काम याहून थोडे मोठे आहे. आपल्या वस्तीत, तालुक्यात किती क्षयरुग्ण उपचार घेत आहेत, हे आरोग्य केंद्राला विचारावे. नावे गुप्त राहिली पाहिजेत. रुग्णाची संमती असेल तरच त्याच्या दारी जावे आणि छायाचित्रासाठी शिध्याची पिशवी पुढे करू नये. एका कार्यकर्त्याने एकच रुग्ण दत्तक घ्यावा, पण सहाही महिने सोडू नये. त्याचे बँक खाते उघडून द्यावे. तो हंगामासाठी परगावी जाणार असेल, तर निघण्यापूर्वी त्याची नोंद तिथल्या केंद्रात वर्ग करून घ्यावी. क्षयरुग्णांची नोंदणी आता संगणकीय असल्याने हे शक्य आहे. ते करवून घेणारे कोणी हवे एवढेच. साखर कारखान्यांवर ज्यांचा शब्द चालतो, त्यांनी फडावर तपासणी-शिबिर आणि दवाखान्यात जाण्याच्या दिवसाची मजुरी न कापण्याचा आग्रह धरावा.

समाजाचे आरोग्य म्हणजे रुग्णालयांच्या इमारतींची संख्या असे नव्हे. दुबळ्यातल्या दुबळ्या माणसाला आजार झाल्यावर घर न विकता, लाज न वाटता, कामावरून न जाता बरे होता येते की नाही, यावर ते मोजले जाते.

आनंदीबाई गेल्या तेव्हा जगाच्या हाती काहीही नव्हते, म्हणून त्यांच्या मृत्यूचा दोष कोणाला देता येत नाही. आज आपल्या हाती औषध आहे, तपासणी आहे, शिध्याचे महत्त्व सांगणारे विज्ञान आहे. म्हणूनच आज क्षयाने होणाऱ्या प्रत्येक मृत्यूचा जाब समाजाला द्यावा लागेल. उद्या सकाळी दारात उभी राहणारी बाई खोकत असेल, तर तिला आत बोलावून पाणी द्यावे आणि विचारावे, ‘किती दिवस झाले हो?’ आपल्या कार्याचा आरंभ त्या प्रश्नापासून व्हावा.